वाचकांचे प्रश्न : शिकाऊ विमानं आणि छोट्या धावपट्ट्या

बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया इथल्या वैमानिक प्रशिक्षणावरच्या मजकुरानंतर बरीच पत्रं आली. पालकांची, विद्यार्थ्यांची, आणि धावपट्टीशेजारी शेती असणाऱ्यांचीही. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत. वेग आणि इंजिनाचे आकडे वेगळा उल्लेख नसेल तिथे सेसना १५२ या दोन आसनी शिकाऊ विमानाचे आहेत. तुमच्या विमानाच्या हस्तपुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरावा.

मुलाला वैमानिक व्हायचंय. तीन संस्थांची माहितीपत्रकं आणली. तिन्हींत आधुनिक विमानं, अनुभवी शिक्षक आणि 'वर्षभरात लायसन्स'. खर्च पन्नास लाखांच्या घरात. खरं-खोटं ओळखायचं कसं? – एक पालक, इस्लामपूर

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि सरळ भागाकार करा. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात १०० तास स्वतः कप्तान म्हणून, २० तास कप्तान म्हणून क्रॉस-कंट्री (दूरच्या विमानतळांपर्यंतचं उड्डाण), १० तास इन्स्ट्रुमेंटवर (बाहेर न बघता, फक्त उपकरणांवरून) आणि ५ तास रात्रीचे. क्रॉस-कंट्रीत ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरची एक फेरी करावी लागते आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबावं लागतं.

आता समजा, संस्थेकडे कागदावर सहा विमानं आहेत. दोन हँगरमध्ये कशाची तरी वाट बघत उभी असतात, म्हणजे उडणारी चार. एका विमानाने महिन्याला ६० तास केले तर एकूण २४० तास. विद्यार्थी ६० असतील तर डोक्यामागे महिन्याला ४ तास. २०० भागिले ४, म्हणजे ५० महिने! वर्षभरात लायसन्स हवं तर महिन्याला १७ तास पडायला हवेत, आणि त्यात पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने निम्मे वाया जातात. विद्यार्थी किती, हा आकडा मात्र ऑफिसात विचारू नका. मेसमध्ये विचारा.

मग एखाद्या साध्या वारी सकाळी सात वाजता तिथे जा आणि दहापर्यंत थांबा. किती विमानं उडाली, ते मोजा. ज्याचं काउलिंग (इंजिनावरचं झाकण) निघालेलं आहे आणि इंजिनावर धूळ बसली आहे, ते विमान बहुधा दुसऱ्यांना पार्ट पुरवण्यासाठी उभं आहे. पूर्ण इन्स्ट्रक्टर किती आणि असिस्टंट किती, हेही विचारा. विद्यार्थ्याला पहिल्या सोलोला (एकट्याच्या उड्डाणाला) सोडण्याचा अधिकार असिस्टंटला नसतो. त्यामुळे पूर्ण दर्जाचा इन्स्ट्रक्टर एकच असेल आणि तो रजेवर गेला, तर दहा पोरं सोलोच्या उंबरठ्यावर ताटकळत बसतात. हात सैल पडतो आणि पुन्हा ड्युअलचे (शिक्षकासोबतचे) तास भरावे लागतात. पैसे अर्थात तुमचे.

२०२५ च्या ऑक्टोबरपासून डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) अशा संस्थांची श्रेणी वर्षातून दोनदा जाहीर करते. पहिल्या यादीत सगळ्या 'बी' आणि 'सी' मध्येच होत्या, 'ए' पर्यंत एकही पोचली नाही. श्रेणी बघाच, पण वरचा भागाकार तिच्यापेक्षा जास्त सांगून जातो. फी एकरकमी भरू नका. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते ठरवा, आणि न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील हे करारात लिहून घ्या. एवढं लिहून द्यायला जी संस्था कुरकुरते, तिने तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलंच आहे.

माझे २२ तास झाले. उतरताना विमान दर वेळी उसळतं. इन्स्ट्रक्टर म्हणतात, 'जजमेंट येईल हळूहळू.' येईल का? – विद्यार्थी, बारामती

येईल, पण नुसती वाट बघून नाही. उसळी ही बहुतेक वेळा उतरण्याची चूक नसते, ती अप्रोचची, म्हणजे धावपट्टीकडे खाली येण्याची, चूक असते. फ्लॅप्स (पंखांमागच्या खाली वळणाऱ्या झडपा) ३० अंशांवर असताना शेवटच्या टप्प्यात ५५ ते ६५ नॉट (तासाला नॉटिकल मैल) वेग हवा. घाबरलेला विद्यार्थी 'थोडा जास्त बरा' म्हणून ७५ ने येतो. ६० ऐवजी ७५ म्हणजे सव्वापट वेग, पण ऊर्जा दीडपटीहून जास्त. ती कुठेतरी जिरायला हवी. विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, पट्टी संपत चालली म्हणून विद्यार्थी नाक खाली दाबतो आणि चाकं आपटतात.

खरं नुकसान होतं ते त्यापुढच्या दोन सेकंदांत. विमान उसळलं की नाक वर जातं, आपण घाबरून दांडा पुढे ढकलतो, आणि पुढचं चाक मागच्या चाकांच्या आधी टेकतं. पुन्हा उसळी, आधीपेक्षा मोठी. तिसऱ्या धडकेपर्यंत नोज व्हील तरी जातं नाहीतर प्रोपेलर तरी. छोट्या धावपट्टीवरच्या तुटफुटीत हा प्रकार नेहमीचा, आणि तो टाळता येण्यासारखा आहे.

उसळी हातभर असेल तर नाक उतरण्याच्या स्थितीत तसंच धरा, चिमूटभर पॉवर द्या आणि विमानाला परत बसू द्या. त्याहून मोठी असेल तर विचार करत बसू नका, गो-अराउंड घ्या, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा. थ्रॉटल (पॉवरची मूठ) पूर्ण, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) बंद, फ्लॅप्स लगेच २० अंशांवर, वेग ५५ नॉट. अडथळे ओलांडले आणि वेग वाढला की उरलेले फ्लॅप्स हळूहळू वर. इथे एक सापळा आहे. उतरण्यासाठी ट्रिम (दांड्यावरचा दाब हलका करणारी सोय) नाक वर ठेवणारं असतं. पूर्ण पॉवर दिली की नाक जोरात वर उसळतं आणि विमान डावीकडे ओढलं जातं. दांड्यावर पुढे दाब आणि पायाने उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा), दोन्ही एकाच वेळी लागतात. गो-अराउंडची सवय नसलेला विद्यार्थी नेमका इथे स्टॉल करतो (पंखांची उचल जाते) किंवा धावपट्टीच्या डावीकडे गवतात जातो.

इन्स्ट्रक्टरना सांगा, एक अख्खी सॉर्टी (एका वेळचं उड्डाण) फक्त गो-अराउंडची द्या. काही वेळा फायनलवर (धावपट्टीच्या सरळ रेषेत येताना) ३०० फुटांवरून, काही वेळा फ्लेअरमधून (टेकण्याआधी नाक वर घेताना), आणि निदान दोनदा त्यांनी मुद्दाम घडवलेल्या उसळीतून. नजरेचंही तपासा. नाकापुढच्या डांबराकडे बघत असाल तर जमीन अंगावर येते आणि फ्लेअर वर होतो. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या. धावपट्टीच्या पहिल्या एक-तृतीयांशात चाकं टेकली नाहीत तर वर जा, त्यावर वाद नाही. गो-अराउंड घेतल्याबद्दल जिथे ब्रीफिंग रूममध्ये टोमणे ऐकावे लागतात, ती संस्था अपघात शिकवते आहे.

आणि जोरात आपटलं तर सांगा, लपवू नका. फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या) पत्र्याला सुरकुती, इंजिन माउंटला तडा, शेपटीखालची कडी घासलेली, प्रोपेलरच्या टोकाला खरवड, यातलं काहीच कॉकपिटमधून दिसत नाही. प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर इंजिन उघडून तपासावं लागतं, पातं सरळ दिसत असलं तरीही. तुम्ही गप्प बसलात तर ते विमान पुढच्या सॉर्टीला दुसरा कुणीतरी सोलो घेऊन जाईल.

श्रावणात ढगाळ हवेत उतरायला लागल्यावर इंजिन खोकू लागलं. खाली बाहेर तर २४ अंश तापमान होतं, बर्फ कसा होईल? मेकॅनिकला काहीच सापडलं नाही. – विद्यार्थिनी, धुळे

सापडणार नाही, कारण बर्फ वितळून गेलेला असतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचं बाष्पीभवन आणि हवेचा दाब कमी होणं, या दोन्हींमुळे तापमान २० ते ३० अंशांनी उतरू शकतं. बाहेर २४ आणि हवेत पावसाळी दमटपणा, म्हणजे व्हेंच्युरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) शून्याखाली. पॉवर कमी करून खाली येताना थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते, तिथे बर्फ सगळ्यात लवकर धरतो. मैदानावर उन्हाळा भोगलेल्या माणसाला हे पटत नाही, आणि म्हणूनच श्रावण-भाद्रपदात ते चकवतं.

पहिली खूण म्हणजे हात न लावता आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) घसरणं. कार्ब हीट पूर्ण ओढा, अर्धवट नको. आरपीएम आणखी पडेल, इंजिन क्षणभर जास्तच खडखडेल, कारण वितळलेलं पाणी आत जातं. इथे विद्यार्थी 'बिघडलं' म्हणून हीट परत आत ढकलतात. ढकलू नका, थांबा. बर्फ असेल तर आरपीएम हळूहळू चढताना दिसेल. सवय अशी ठेवा : थ्रॉटल मागे घेण्याच्या आधी हीट, नंतर नाही. फ्युएल इंजेक्शनच्या १७२ एसला कार्ब्युरेटरच नाही. त्यामुळे तिच्यावर शिकून १५२ वर आलेल्यांच्या हाताला ही सवय नसते.

दुसरा संशयित पाणी. पावसात उभ्या राहिलेल्या विमानाच्या टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पाणी सरळ आत उतरतं, आणि रात्रभर अर्धवट टाकीत दवही धरतं. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्यावर दोन्ही पंखांखालून आणि इंजिनाखालच्या गाळणीतून नमुना काढा. अ‍ॅव्हगॅस १००एलएल निळं असतं, पाणी तळाशी बसतं. गंमत अशी की कपात सगळंच पाणी आलं तर रेषच दिसत नाही आणि 'स्वच्छ आहे' असं वाटतं. म्हणून कप पांढऱ्या कागदासमोर धरून निळा रंग शोधा आणि वास घ्या. आदल्या संध्याकाळी टाक्या भरून ठेवल्या तर दवाचा प्रश्नच उरत नाही.

मॅग्नेटोही (इंजिनाला ठिणगी देणारी दोन यंत्रं) बघून घ्या. १७०० आरपीएमवर एकेक बंद करताना घसरण १२५ पेक्षा जास्त नको आणि दोघांतला फरक ५० पेक्षा जास्त नको. घसरण अजिबात नसेल तर खूश होऊ नका. ते मॅग्नेटो बंदच होत नसेल, आणि असा प्रोपेलर जमिनीवर हाताने फिरवणाऱ्याचा जीव घेऊ शकतो.

मे महिन्यात दुपारी आमचं विमान धावपट्टी संपत आली तरी उठत नाही. इंजिन म्हातारं झालंय का? – विद्यार्थी

झालंही असेल, पण आधी हवेकडे बघा. धावपट्टी समुद्रसपाटीपासून २,००० फुटांवर असेल तर तिथलं प्रमाण तापमान ११ अंश. पारा ४१ वर असेल तर फरक ३० अंशांचा. प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट धरा : ३,६०० फूट. म्हणजे विमानाच्या लेखी तुम्ही ५,६०० फुटांवर आहात. समुद्रसपाटीला मिनिटाला ७१५ फूट चढणारं १५२ तिथे पूर्ण वजनाने साडेचारशे-पाचशेच्या घरात चढेल, तेही नव्या इंजिनावर. शिवाय वेगदर्शकावर तोच आकडा दिसत असला तरी जमिनीवरचा खरा वेग दहा टक्क्यांनी जास्त लागतो, त्यामुळे धावही लांबते. दोन धष्टपुष्ट माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन दुपारी दोनला निघू नका. सकाळी सहा ते दहा, बस्स. धावपट्टीच्या निम्म्यावर येईपर्यंत उठण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थ्रॉटल मागे.

आमची शेती धावपट्टीपासून चार किलोमीटरवर. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या रानात शिकाऊ विमान उतरलं, गाव धावलं, पण काय करायचं कुणाला ठाऊक नव्हतं. – एक शेतकरी, इंदापूर तालुका

आधी वैमानिकाच्या बाजूने. इंजिन बंद पडल्यावर १५२ ला ६० नॉटवर तरंगवलं तर १,००० फुटांवरून अडीच-पावणेतीन किलोमीटर जाता येतं, हाताशी दीड मिनिट. तेवढ्यात रान निवडायचं. उभा ऊस वरून गादीसारखा हिरवा दिसतो, पण चाकं अडकून विमान पालथं होतं. भिजलेल्या काळ्या मातीत पुढचं चाक रुततं, परिणाम तोच. काढणी झालेलं ज्वारी-हरभऱ्याचं रान किंवा माळ बरा. नांगरट असेल तर सरींच्या दिशेने उतरायचं, आडवं नाही. तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. विहीर असेल तिथे मोटारीसाठी वीज आलेलीच असते, हे शिकवायला हवं आणि सहसा कुणी शिकवत नाही. टेकण्याआधी दारांच्या कड्या उघडायच्या, म्हणजे चौकट वाकली तरी दार अडकत नाही.

आता तुमच्या बाजूने. ११२ ला फोन करा, गट नंबर आणि जवळची खूण सांगा. विडी-सिगारेट विझवा, मोटारसायकली लांब. पंखात नव्वदेक लिटर पेट्रोल असू शकतं. प्रोपेलरला हात लावू नका, थांबलेला असला तरी. वैमानिक शुद्धीवर असेल आणि आग नसेल तर त्याला ओढू नका, मणका दुखावलेला असू शकतो. फक्त स्विच बंद केलेत का, ते विचारा. धूर किंवा आग असेल तर मात्र काही न बघता बाहेर काढा. पालथ्या विमानात पट्टा सोडण्याआधी माणसाला खालून आधार द्या, नाहीतर तो डोक्यावर पडतो.

त्यानंतर विमानाचा एकही तुकडा हलवायचा नाही, आठवण म्हणून तर नाहीच. जमिनीवरचे ओरखडे, तुटलेल्या पात्याचा वाक, स्विच कुठे होते, यांवरूनच तपास होतो. फोटो काढून ठेवा. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा तलाठ्याकडून त्याच दिवशी करून घ्या, क्रेन येण्याच्या आधी. क्रेनने तुडवलेला ऊस विमानाने तुडवला होता की नाही, हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं.

आमच्याकडे टॉवर नाही. रेडिओवर कधी इन्स्ट्रक्टर असतो, कधी सीनियर विद्यार्थी. मधूनच एखादं जेट येतं. भीती वाटते. – नाव नको

भीती वाजवी आहे. रेडिओवर बसलेला माणूस वारा आणि रहदारी सांगतो. तो कंट्रोलर नाही, विमानांत अंतर राखून देणं त्याचं काम नाही. 'क्लिअर टू लँड' असं तो म्हणत असेल तर त्याला थांबवा, कारण ऐकणारा बाहेर बघणं सोडून देतो.

हिशेब असा. जेट पाच मैलांवरून १४० नॉटने सरळ फायनलवर आलं तर दोन मिनिटं आणि थोडे सेकंद. तुम्ही डाउनविंडवर (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना) धावपट्टीच्या टोकासमोर असाल तर तुम्हालाही टेकायला अडीच-तीन मिनिटं. म्हणजे ते तुमच्या पाठीवरच येतं. त्यामुळे जेटने 'टेन माइल्स' म्हटलं की तुम्ही डाउनविंड लांबवू नका. लांबवलेली डाउनविंड नेमकी त्याच्या वाटेत जाते. उंची राखून सर्किटच्या (धावपट्टीभोवतीच्या चौकोनी फेरीच्या) बाहेर वळा आणि ते उतरून धावपट्टी रिकामी करेपर्यंत थांबा.

प्रत्येक टप्प्यावर आधी जागेचं नाव, मग कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), मग स्थिती. फ्रिक्वेन्सी शेजारच्या पट्टीचीही असू शकते, म्हणून जागेचं नाव शेवटी पुन्हा. सेसनाचा पंख वर असतो, वरचं दिसत नाही. टेकनाम पी२००८ चंही तेच. पंख खाली असलेल्या डायमंडला खालचं दिसत नाही. फायनलवर सेसना खाली आणि डायमंड वर, ही जोडी एकमेकांना कधीच दिसत नाही. बेसवर (फायनलआधीच्या आडव्या टप्प्यावर) वळण्याआधी पंख उचलून फायनलचा पूर्ण पट्टा बघा. आणि वळण चुकलं, धावपट्टी ओलांडली, तर रडरने नाक ओढून आणू नका. ४५ अंश कलवलेल्या विमानाचा स्टॉल वेग १९ टक्क्यांनी वाढतो. त्यात रडर दाबलेला असेल तर ५०० फुटांवर स्पिन (गरगरत खाली जाणं), आणि तिथून सावरायला उंचीच नसते.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बारामतीजवळ एकाच संस्थेची दोन विमानं चार दिवसांत पडली आणि डीजीसीएने तिची उड्डाणं थांबवली. अपघात झालेली संस्था सोडावी का? – एक पालक, नगर

एका अपघातावरून ठरवू नका. जिथे वर्षाला हजारो लँडिंग शिकाऊ हातांनी होतात, तिथे एखादं चाक तुटणारच. दुसऱ्या अपघाताचं कारण पहिल्याशी जुळतं का, ते बघा. विद्यार्थ्यांच्या हातून घडलेल्या दोन वेगळ्या चुका, आणि दोनदा बंद पडलेलं इंजिन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात देखभालीचा धागा निघतो. टेक लॉग (विमानाची तांत्रिक नोंदवही) बघायला मुलाला सांगा, तो उडण्यापूर्वी पाहणं त्याचं कामच आहे. एकच स्नॅग (बिघाड) चार-पाचदा लिहिला गेलाय आणि दर वेळी शेरा 'तपासलं, ग्राउंड रनला ठीक', तर ती दुरुस्ती नव्हे. त्याहून वाईट म्हणजे महिनोन् महिने कोरा असलेला स्नॅगचा रकाना. जुन्या शिकाऊ विमानात काहीच बिघडत नाही असं होत नसतं. याचा अर्थ लिहायची बंदी आहे. अपघातांचे अंतिम अहवाल एएआयबीच्या (विमान अपघात तपास ब्युरोच्या) संकेतस्थळावर येतात. ते वाचा, त्यात कारणांच्या खाली संस्थेच्या देखरेखीवर काय लिहिलंय तिकडे लक्ष द्या.

सीनियर म्हणतात, थोडे तास 'पार्कर पेनाने' होतात, सगळेच करतात. – विद्यार्थी, जळगाव

पेनाने लिहिलेले तास, म्हणजे न उडता लॉगबुकात चढवलेले. उड्डाणाची नोंद एकाच जागी नसते : तुमचं लॉगबुक, विमानाचा टेक लॉग, ऑथरायझेशन बुक, पेट्रोलचं रजिस्टर, विमानातलं हॉब्स मीटर (इंजिन चालल्याचे तास मोजणारं). १५२ तासाला साधारण २३ लिटर पिते. तीन तास लिहिले आणि त्या दिवशी बाउझरमधून (पेट्रोलच्या टँकरमधून) वीसच लिटर गेलं, तर ऑडिटरला बेरीज-वजाबाकीपलीकडे काही यावं लागत नाही. लायसन्स गेल्यावर सीनियर सोबत येत नाहीत. दर सॉर्टीनंतर हॉब्सचा फोटो काढा, तारीख दिसेल असा.

टॅकोमीटरमधला (आरपीएम दाखवणाऱ्या मीटरमधला) तासांचा आकडा हॉब्सपेक्षा कमी दिसतो म्हणून गोंधळू नका. तो क्रूझच्या आरपीएमवर बेतलेला असतो, टॅक्सी आणि सर्किटमध्ये मागे पडतो. लॉगबुकात जाते ती विमान उड्डाणासाठी हललं तिथपासून थांबलं तिथपर्यंतची वेळ.